गो-कार्ट : सुरक्षित चालन व नियंत्रण

गो-कार्ट ही बिनछताची, जमिनीला जवळजवळ टेकलेली छोटी चारचाकी शर्यतगाडी. तिला धक्के शोषणारे सस्पेन्शन नसते, मागच्या दोन चाकांना वेगवेगळे फिरू देणारा डिफरन्शियल नसतो आणि बहुतेकींना गिअरही नसतात. पोलादी नळ्यांची चौकट, मागची दोन्ही चाके जोडणारा एकसंध दांडा म्हणजे एक्सल, शेजारी किंवा पाठीमागे लहानसे इंजिन, खोलगट सीट आणि पायाशी दोन पेडल, एवढ्यात गाडी संपते. शर्यतीच्या कार्टमध्ये पुढच्या आणि मागच्या चाकांमधले अंतर १०१ ते १०७ सेंमी. असते आणि गाडीचे वजन जेमतेम एका माणसाएवढे भरते. त्यामुळे चालक कसा बसतो, कुठे कलतो, यावरही ती कशी वळेल हे ठरते. रस्त्यावर मोटार किंवा दुचाकी चालवून हातापायांना लागलेल्या कितीतरी सवयी इथे उलट्या पडतात. कार्टवरचे नियंत्रण शिकायचे म्हणजे बऱ्याच अंशी या सवयी मोडायच्या.

पहिली कार्ट १९५६ मध्ये अमेरिकेतील दक्षिण कॅलिफोर्नियात आर्ट इंगल्स या शर्यतगाड्या बांधणाऱ्या कारागिराने बनवली. तिला गवत कापण्याच्या यंत्रासाठी बनवलेले इंजिन बसवले होते. पुढे हा खेळ जगभर पसरला आणि १९६२ मध्ये एफआयए या जागतिक मोटार संघटनेने कार्टिंगसाठी स्वतंत्र आयोग नेमला. आयर्टन सेना, मिखाएल शूमाकर यांच्यासारखे फॉर्म्युला-१ चे विजेते लहानपणी कार्टवरच घडले. मुंबईचा जेहान दारूवाला हाही कार्टिंगमधूनच पुढे आला. डिसेंबर २०२० मध्ये बहारीनच्या साखीर ट्रॅकवर त्याने फॉर्म्युला-२ ची शर्यत जिंकली. हौशी माणसाचा संबंध येतो तो मात्र भाड्याने मिळणाऱ्या कार्टशी. ती शर्यतीच्या कार्टपेक्षा जड असते, तिच्याभोवती प्लॅस्टिकचा जाड बंपर असतो, इंजिन बहुधा सुमारे २०० ते २७० सीसीचे फोर-स्ट्रोक असते आणि वेग ताशी ५० किमी.च्या आसपास जातो. आकडा छोटा वाटतो, पण त्या वेगाने गाडी एका सेकंदात जवळजवळ १४ मीटर पुढे गेलेली असते, आणि बसणाऱ्याचे बूड जमिनीपासून काही बोटांवर असते.

उजव्या पायाखाली अ‍ॅक्सिलरेटर, डाव्या पायाखाली ब्रेक. क्लच आपोआप लागतो, त्याचे पेडल नसते. गिअरची मोटार चालवणाऱ्याची पहिली चूक इथेच होते. वळण आले की त्याचा डावा पाय सवयीने क्लच दाबायला जातो, तोही क्लचसारखाच पूर्ण, आणि त्या पायाखाली असतो ब्रेक. मागची चाके जागच्या जागी जाम होतात आणि गाडी गरकन फिरते. दुसरी चूक दोन्ही पेडल एकदम दाबण्याची. इंजिन पुढे ओढते, ब्रेक मागे. क्लच आणि ब्रेक तापतात आणि गाडी थांबायला हवी तेव्हा नीट थांबत नाही. एक पाय उचलल्याशिवाय दुसरा दाबायचा नाही, हे नवशिक्याने बसल्या जागी चार वेळा करून पाहावे. त्यासाठी सीट योग्य जागी हवी: ब्रेक पूर्ण दाबल्यावरही गुडघा थोडा वाकलेला राहिला पाहिजे.

बहुतेक कार्टना ब्रेक फक्त मागच्या एक्सलवर असतो. ब्रेक दाबला की भार पुढे जातो, मागची चाके हलकी होतात आणि नेमकी तीच अडवली जातात. गाडी सरळ असेल तर ती फार तर थोडी घसटत थांबते. वळत असेल तर मागची बाजू सटकून पुढे येऊ पाहते. म्हणून ब्रेक लावायचा तो वळणाच्या आधी, स्टेअरिंग सरळ असताना, आणि वळायला लागताना हलकेच सोडून द्यायचा. वळणात शिरताना वेग कमी आणि बाहेर पडताना जास्त, हे सूत्र शर्यत जिंकण्यासाठी सांगितले जाते, पण माझ्या मते ते सुरक्षिततेचे सूत्र आधी आहे. वेगात शिरलेल्या चालकाकडे वळणाच्या मध्यावर काही करण्यासारखे उरतच नाही.

वळणात कार्ट वेगळी वागते ती एकसंध एक्सलमुळे. मोटारीत वळताना बाहेरचे चाक जास्त आणि आतले कमी फिरते. ती सोय डिफरन्शियल करतो. कार्टमध्ये मागची दोन्ही चाके एकाच दांड्यावर घट्ट बसवलेली, म्हणून दोघांना सारखेच फिरावे लागते. मग गाडी वळते कशी? पुढच्या चाकांची बैठक अशी तिरपी असते, की स्टेअरिंग वळवताच आतल्या बाजूचे पुढचे चाक खाली रेटले जाते, चौकट किंचित पिळली जाते आणि आतल्या बाजूचे मागचे चाक जमिनीवरून हलके होते. शर्यतीच्या गाडीत ते चक्क उचलले जाते. तेवढा वेळ गाडी जणू तीन चाकांवर वळते. मोटारसायकलवाला सवयीने वळणाच्या आत कलतो आणि आपले सगळे वजन नेमके त्या उचलू पाहणाऱ्या चाकावर टाकतो. गाडी मग अडखळत, ओढल्यासारखी जाते. कार्टमध्ये ताठ बसावे, पाठ सीटला लावावी आणि शरीर बाहेरच्या बाजूला ढकलले जात असेल तर ढकलले जाऊ द्यावे.

स्टेअरिंगही फसवे असते. मोटारीचे चाक गरागरा फिरवावे लागते. कार्टचे थोडेसे वळवले तरी पुढची चाके लगेच वळतात. हात घड्याळातल्या नऊ आणि तीनच्या जागी ठेवले की ते एकमेकांवरून न्यायची वेळ येत नाही. अंगठा आतल्या आऱ्यात अडकवू नये. पुढचे चाक कठड्यावर आदळले तर स्टेअरिंग झटक्यात फिरते आणि अंगठा मुरगळतो. नजर बंपरवर न ठेवता वळण जिथे संपते तिथे ठेवावी; हात नजरेमागे जातात. पुढची चाके वळूनही गाडी सरळच घसरत राहिली, तर स्टेअरिंग आणखी पिळण्याचा मोह होतो. त्याने घसरणे वाढते. अ‍ॅक्सिलरेटर सोडावा, स्टेअरिंग किंचित सैल करावे, टायरची पकड परत येते. मागची बाजू सुटली तर ती जिकडे जाते तिकडे स्टेअरिंग हलकेच वळवावे आणि ब्रेकला हात, म्हणजे पाय, लावू नये. गाडी फिरलीच, तर मात्र ब्रेक पूर्ण दाबून धरावा, म्हणजे ती मागे घरंगळून दुसऱ्याच्या वाटेत जाणार नाही. नंतर एक हात वर करून बसून राहावे. उतरू नये, कारण मागून येणाऱ्याला गाडी दिसते, ट्रॅकवर उभा माणूस उशिरा दिसतो.

बहुतेक शर्यतीच्या कार्टना सीटबेल्ट नसतो, याचे नवख्यांना आश्चर्य वाटते. डोक्यावर संरक्षक दांडा नसताना पट्ट्याने बांधलेला माणूस गाडी उलटली तर तिच्याखाली सापडतो. ज्या गाड्यांना तसा दांडा असतो तिथे पट्टा दिलेला असतो, आणि तिथे तो लावलाच पाहिजे.

सर्वांत गंभीर धोका मात्र वेगाचा नाही, फिरत्या एक्सलचा आहे. सीटच्या मागे हाताच्या अंतरावर तो उघडा किंवा अर्धवट झाकलेला फिरत असतो. मोकळे केस, ओढणी, पदर, स्कार्फ, सैल कुडता, काहीही त्यात गुंडाळले जाऊ शकते, आणि ते क्षणात होते. फेब्रुवारी २०१८ मध्ये हरियाणातील पिंजोर येथे आणि ऑक्टोबर २०२० मध्ये हैदराबादजवळ गुर्रमगुडा येथे दोन तरुणींचा जीव केस असे अडकूनच गेला. केसांची नुसती वेणी पुरत नाही. वेणी ही दोरीच असते. अंबाडा बांधून त्यावर कापडी टोपी, तिच्यावर हेल्मेट, आणि मानेवर एकही बट बाहेर नाही हे दुसऱ्या कोणीतरी मागून पाहिले पाहिजे. आरशाविना हे स्वतःला दिसत नाही. एक्सल आणि चेन झाकलेली नसेल तर त्या गाडीत बसू नये, पैसे भरले असले तरी. चपलेऐवजी पातळ तळाचे बंद बूट घालावेत, नाड्या आत खोचाव्यात. सीटच्या कडा बरगड्यांवर आदळून त्या दुखावणे ही कार्टिंगमधली नेहमीची दुखापत आहे. नियमित चालवणारे त्यासाठी छातीला संरक्षक कवच बांधतात.

ट्रॅकवर बोलणे ऐकू येत नाही, झेंडे बोलतात. पिवळा म्हणजे पुढे धोका, वेग कमी करा, कोणाला मागे टाकू नका. निळा म्हणजे मागून वेगवान गाडी येते आहे, आपली रेषा न बदलता तिला जाऊ द्या. लाल म्हणजे शर्यत थांबली. पुष्कळ ठिकाणी मार्शलच्या, म्हणजे ट्रॅकवर देखरेख करणाऱ्याच्या, हातात रिमोट असतो आणि तो सगळ्या गाड्यांचा वेग एकदम उतरवू शकतो. असा वेग अचानक उतरला तर गाडी बिघडली असे समजून पेडल आपटू नये.

भारतात या खेळाचे नियमन फेडरेशन ऑफ मोटर स्पोर्ट्स क्लब्स ऑफ इंडिया ही संस्था करते. महाराष्ट्रात कोल्हापूरजवळ मोहिते रेसिंग अकादमीचा ट्रॅक आहे, गोव्यात नुवे येथे आहे. अभियांत्रिकीचे विद्यार्थी स्पर्धांसाठी स्वतःच कार्ट बांधतात. त्यांनी वेल्डिंगच्या जोडांइतकेच लक्ष चेनच्या झाकणाकडे द्यावे.

फेरी संपल्यावर गाडी पूर्ण थांबेपर्यंत आणि मार्शलने खूण करेपर्यंत उठू नये. सायलेन्सर बराच वेळ तापलेला राहतो. म्हणून इंजिन ज्या बाजूला असेल तिच्या विरुद्ध बाजूने, स्टेअरिंगला न लोंबकळता, सीटच्या कडांवर हात टेकून उतरावे. हेल्मेट ट्रॅकच्या बाहेर आल्यावर काढावे.