‘हे ज्यूड’ : एका नावाची पार्श्वभूमी

बीटल्सचे ‘हे ज्यूड’ हे गाणे अमेरिकेत २६ ऑगस्ट १९६८ रोजी आणि ब्रिटनमध्ये चार दिवसांनी, बँडच्या स्वतःच्या नव्या कंपनीची पहिली तबकडी म्हणून बाजारात आले. त्याच्या चालीविषयी आणि लांबलेल्या शेवटाविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. शीर्षकातील नावाने प्रकाशनाआधीच जो क्षोभ ओढवून घेतला, तो मात्र बहुधा एखाद्या ओळीत उरकला जातो.

नाव मुळात वेगळे होते. ऋषिकेशच्या आश्रमातून परतल्यावर काही आठवड्यांतच बँडमधील गीतकार जॉन लेननचा संसार मोडला. त्याच्या पत्नीला आणि पाच वर्षांच्या मुलाला भेटण्यासाठी त्याचा सहगीतकार पॉल मॅकार्टनी लंडनहून मोटारीने वेब्रिजला निघाला असता, मुलाला धीर देणाऱ्या ओळी त्याला वाटेतच सुचल्या. मुलाचे लाडके नाव ज्यूल्स. ते गाताना जड वाटले म्हणून त्याचे ज्यूड झाले. एका अमेरिकन संगीतिकेतील मिळत्याजुळत्या नावाच्या पात्राची आठवणही त्यामागे होती. पुढे मुलाच्या वडिलांनी हे गाणे आपल्यालाच उद्देशून आहे असे मानले, तो मात्र स्वतंत्र विषय आहे.

त्याच उन्हाळ्यात बँडने लंडनच्या बेकर स्ट्रीटवरील आपले कपड्यांचे दुकान, उरलेला माल लोकांना फुकट वाटून, बंद केले होते. रिकाम्या दुकानाच्या पांढऱ्या रंगाने माखलेल्या काचांवर नव्या तबकडीच्या दोन्ही बाजूंच्या गाण्यांची नावे मोठ्या अक्षरांत झळकली. जाहिरातीची ही कल्पना मॅकार्टनीचीच होती. इंग्रजीत ‘ज्यूड’ असे वाचले जाणारे ते रोमन लिपीतील चार अक्षरांचे नाव जर्मन भाषेत ‘यूडे’ असे वाचतात आणि त्याचा अर्थ होतो ज्यू. १ एप्रिल १९३३ च्या बहिष्काराच्या दिवशी जर्मनीतील ज्यूंच्या दुकानांच्या काचांवर हाच शब्द रंगवण्यात आला होता आणि १९४१ पासून तोच शब्द लिहिलेला पिवळा तारा छातीवर लावण्याची त्यांच्यावर सक्ती झाली. बेकर स्ट्रीटवर व्हायचे तेच झाले. काच फोडली गेली आणि एका संतप्त ज्यू दुकानदाराने दूरध्वनीवरून मॅकार्टनीला धमकावले.

व्युत्पत्तीच्या अंगाने पाहिल्यास दोन्ही शब्द एकाच हिब्रू मुळातून, यहूदा या नावातून, आलेले आहेत. मराठी बायबलमधील ‘यहूदाचे पत्र’ इंग्रजी बायबलमध्ये ज्यूडच्याच नावावर आहे, म्हणजे नाव म्हणून त्यात आक्षेपार्ह काही नव्हते. जर्मन अर्थ आपल्याला ठाऊक नव्हता, असे मॅकार्टनीने सांगितले आणि त्याच्या हेतूविषयी शंका घेण्याचे कारण नाही. तरीही ज्या बँडने १९६० ते १९६२ या काळात हॅम्बुर्गमध्ये कित्येक महिने रात्रीमागून रात्री गायन केले आणि १९६४ मध्ये आपली दोन गाणी जर्मन भाषेत ध्वनिमुद्रित केली, त्या बँडच्या बाबतीत हे स्पष्टीकरण तोकडे वाटते. महायुद्ध संपून तेव्हा अवघी तेवीस वर्षे झाली होती आणि जर्मनीतून जीव वाचवून आलेली अनेक कुटुंबे लंडनमध्येच राहत होती. त्यांना गाण्यातल्या नावाने दुखावले नसते. त्यांनी तो शब्द दुकानाच्या काचेवर रंगवलेला पाहिला, आणि काचेवरचा तो शब्द त्यांनी आधीही पाहिलेला होता. दोष निवडलेल्या नावाचा नव्हता, निवडलेल्या जागेचा होता, असेच म्हणावे लागते.

ध्वनिमुद्रण ३१ जुलै आणि १ ऑगस्ट रोजी लंडनमधील एका आठ ट्रॅकच्या, म्हणजे आठ ध्वनी वेगवेगळे मुद्रित करता येणाऱ्या, स्टुडिओत झाले, कारण बँडच्या नेहमीच्या स्टुडिओत तेव्हा चारच ट्रॅकवर काम चालत असे. दुसऱ्या दिवशी बोलावलेल्या छत्तीस वादकांना शेवटच्या भागात टाळ्या वाजवून गाण्याचीही विनंती करण्यात आली. गाण्याची लांबी सात मिनिटे अकरा सेकंद भरली. एवढे मोठे गाणे रेडिओवाले लावणार नाहीत, ही निर्मात्याची भीती खोटी ठरली आणि अमेरिकेत ते सलग नऊ आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिले. ब्रिटनमध्ये त्याला दोनच आठवडे मिळाले. त्याची जागा त्याच कंपनीच्या पुढच्या तबकडीने, एका वेल्श तरुणीच्या गाण्याने, घेतली.

पुढच्या काळात हे गाणे समूहगायनाचे झाले. २०१२ च्या लंडन ऑलिंपिकच्या उद्घाटन सोहळ्याचा शेवट मॅकार्टनीनेच ते गाऊन केला. ध्वनिमुद्रणाच्या वेळी वापरलेला, हाताने लिहिलेल्या ओळींचा कागद २०२० मध्ये नऊ लाख दहा हजार डॉलरांना विकला गेला. इंग्लंडच्या फुटबॉल संघात ज्यूड नावाचा तरुण मध्यरक्षक आल्यापासून चाहते त्याच्यासाठीही हे गाणे गातात. जर्मनीत भरलेल्या २०२४ च्या युरोपीय स्पर्धेत गेल्सेनकिर्शेन येथे सर्बियाविरुद्धचा एकमेव गोल त्यानेच केला, आणि त्या स्पर्धेत इंग्लंडच्या प्रेक्षकांनी जर्मनीतल्याच मैदानांवर तो शब्द एका मुलाचे नाव म्हणून मोठ्याने गायला.