एकाच रेड्याच्या दोन वगारी, मग वजनात एवढा फरक का?

मामाकडे गेलो होतो तेव्हा गोठ्यात वाद पेटलेला. मामाची वगार (अजून न व्यालेली तरुण म्हैस) आणि शेजारच्या अण्णांची वगार, दोन्ही 14 महिन्यांच्या आणि दोन्ही एकाच मुऱ्हा रेड्याच्या सीमेनच्या. टेप लावली. छातीचा घेर इंचात घ्यायचा, त्याचा वर्ग करायचा, त्याला अंगाच्या लांबीने गुणायचं आणि 660 ने भागायचं, की अंदाजे किलो मिळतात. मामाच्या वगारीचा घेर 54, लांबी 44, म्हणजे 194 किलो. अण्णांची 45 आणि 38, म्हणजे 117 किलो. अण्णा म्हणाले, "मला सीमेनची कांडीच दुसरी भरली."

खाण तशी माती हे आपल्या डोक्यात इतकं पक्कं बसलंय की दुसरं काही सुचतच नाही. पण बाप एक म्हणजे जनुकं एक असं नसतं. मुऱ्हा, पंढरपुरी, जाफराबादी या सगळ्या म्हशींत गुणसूत्रांच्या 25 जोड्या असतात, रेड्याच्या प्रत्येक शुक्राणूत प्रत्येक जोडीतलं एकच जातं, आणि कोणतं जाईल ते दरवेळी नव्याने ठरतं. म्हणजे 2 चा 25 वा घात, एका रेड्याकडून 3 कोटी 35 लाखांच्या आसपास वेगवेगळी वाटणी! (जोडीतले तुकडे आपसात बदलतात ते धरलंच नाही.)

आता मला सगळ्यात भारी वाटतं ते गणित. कृत्रिम रेतनामुळे एका रेड्याच्या लेकी गावोगावी पसरतात, आई वेगळी, गोठा वेगळा, सारखा फक्त बाप. अशा दोन सावत्र बहिणींत सरासरी पाव भाग जनुकं सामाईक असतात. म्हणून भरपूर रेड्यांच्या भरपूर लेकींची वजनं घ्यायची, एका बापाच्या लेकी एकमेकींसारख्या किती ते काढायचं आणि त्याला 4 ने गुणायचं. हा झाला आनुवंशिकतेचा आकडा. समजा तो 0.25 आला, तर त्याचा अर्थ वजनाचा पाव भाग जनुकांमुळे असा नाही, तर जनावराजनावरात जो फरक दिसतो त्या फरकाचा पाव भाग. आपल्या दोन वगारींतला फरक 77 किलोचा, म्हणजे जनुकांच्या खात्यात सरासरीने 19 किलो, आणि बाप एकच असल्यामुळे खरं तर त्याहूनही कमी. बाकीचं सगळं गव्हाणीतलं, गोठ्यातलं, आईच्या पोटातलं.

आणि हा आकडा रेड्याच्या अंगावर कोरलेला नसतो. खुराक घरोघरी जेवढा वेगळा तेवढा एकूण फरक फुगतो आणि त्यात जनुकांचा वाटा बारीक दिसतो. एकसारखं पोटभर खायला घातलं की तोच आकडा वर येतो! "हमखास इतके लिटर" वाल्या रेड्यांच्या रील बघून महागड्या कांडीला पैसे घालायचे आणि वगारीला नुसत्या कडब्यावर ठेवायचं, यात कांडीचे पैसे वाया जातात, सरळ आहे.

मग अण्णांना खोदून विचारलं. त्यांची म्हैस पहिलारू, म्हणजे पहिल्यांदाच व्यालेली होती, मामाची तिसऱ्या वेताची. पहिलारू म्हशीचं पारडू बहुतेक वेळा जन्मतःच हलकं असतं. पण खरी गोष्ट चिकाची निघाली. जार (वार) पडल्याशिवाय चीक पाजायचा नाही, पारडू हगतं, असं त्यांच्या घरात चालत आलंय. हे साफ चुकीचं आहे आणि यात पारडं मरतात. म्हशीच्या जारेतून रोगप्रतिकारक प्रथिनं पोटातल्या पारडाला मिळतच नाहीत, ती चिकातूनच मिळतात, आणि पारडाच्या आतड्याला ती अख्खी शोषता येतात ती जेमतेम पहिले 24 तास, तेही तासातासाला कमी होत. अण्णांच्या पारडाला पहिला घोट दुसऱ्या दिवशी सकाळी मिळाला, निम्म्या चिकाचा तोवर खरवस झालेला. पुढे महिनाभर हगवण. त्यात जंताचं औषध नाही, आणि म्हशीच्या पारडांत टॉक्सोकारा नावाचा मोठा जंत आईच्या दुधातूनच पोटात जातो, म्हणून पहिलं औषध दुसऱ्या आठवड्यातच द्यावं लागतं.

वगार माजावर येते ती वयापेक्षा वजन बघून, त्यामुळे अण्णांची मागे पडणार. पण ती गेली नाहीये हातातून. जंताचं औषध दिलंय, मका आणि सरकी पेंड सुरू केलीय, दिवाळीला परत टेप लावायचं ठरलंय. म्हैस परत गाभण आहे, आणि या वेळी चीक तासाभरात पाजायचा हे अण्णांच्या आईनेच कबूल केलंय.