यॉर्क वॉटरगेट

लंडनमधील टेम्स नदीचे सतराव्या शतकातील जलद्वार, म्हणजे होडीतून उतरून वाड्यात शिरण्याचा दरवाजा. आज ते नदीपासून सुमारे 140 मीटर आत, व्हिक्टोरिया एम्बँकमेंट गार्डन्स या बागेत आहे. ते उचलून इथे आणून बसवले असावे, असे पाहणाऱ्याला वाटते. प्रत्यक्षात दरवाजा मूळ जागीच आहे, सरकला तो काठ. म्हणून टेम्सचे पाणी पूर्वी कुठवर येई हे दाखवायला नकाशापेक्षा हाच दरवाजा बरा.

शेजारच्या स्ट्रँड रस्त्याच्या नावाचा अर्थच मुळी ‘काठ’. त्यावर सरदारांचे आणि बिशपांचे वाडे ओळीने होते. दर्शनी दार रस्त्याकडे, मागची बाग नदीकडे उतरती. रस्ते खराब, वेस्टमिन्स्टरला पूल झाला तो 1750 मध्ये. त्यामुळे मोठ्या माणसांची ये-जा होडीनेच चाले. यॉर्क हाउस हा त्यांपैकीच एक वाडा. बकिंगहॅमचा पहिला ड्यूक जॉर्ज व्हिलियर्स याने 1626 च्या सुमारास त्याला हा दरवाजा बांधून घेतला. दोनच वर्षांनी पोर्टस्मथ येथे त्याचा खून झाला. आराखडा कोणाचा, याविषयी इनिगो जोन्स, बाल्थझार गेर्बिए आणि निकोलस स्टोन अशी तीन नावे घेतली जातात.

नदीकडची बाजू जास्त नटलेली आहे, कारण पाहुणा तिकडून येई. तीन कमानी, त्यांच्यामध्ये दगडी पट्ट्यांचे जाड खांब, मधोमध व्हिलियर्स घराण्याचे चिन्ह आणि वर दोन बाजूंना बसलेले सिंह. सिंहांच्या ढालींवर जहाजाचे नांगर कोरले आहेत. ड्यूक आरमाराचा प्रमुख होता. शहराकडच्या बाजूला लॅटिन बोधवाक्य आहे: ‘फिदेइ कोतिकुला क्रुक्स’, म्हणजे क्रूस ही श्रद्धेची कसोटी. मधल्या कमानीतून पायऱ्या पाण्यात उतरत. इथे भरती-ओहोटीचा फरक कित्येक मीटरचा असतो. त्यामुळे होडी कोणत्या पायरीला लागणार हे दिवसाच्या वेळेवर ठरे, आणि ओहोटीला खालचा गाळ उघडा पडे.

1672 मध्ये दुसऱ्या ड्यूकने वाडा विकला. अट अशी की नव्या रस्त्यांत ‘जॉर्ज व्हिलियर्स, ड्यूक ऑफ बकिंगहॅम’ हे आपले पूर्ण नाव यावे. म्हणून जॉर्ज, व्हिलियर्स, ड्यूक, बकिंगहॅम असे रस्ते निघाले आणि मधल्या ‘ऑफ’ या शब्दाच्या वाट्यालाही एक बोळ आला! वाडा पाडला गेला, दरवाजा राहिला.

1858 च्या उन्हाळ्यात सांडपाण्याने नदी असह्य नासली. त्यानंतर अभियंता जोसेफ बॅझलजेट याने काठाला समांतर मोठे गटार टाकायचे ठरवले. 1864 ते 1870 या काळात नदीच्या पात्रात ग्रॅनाइटची भिंत घालून मागे भराव केला गेला. भरावाच्या पोटात गटार आणि भुयारी रेल्वे गेली, वर रस्ता आणि बाग झाली. सॉमरसेट हाउसच्या नदीकडच्या कमानीचीही हीच गत झाली.

एम्बँकमेंट स्थानकातून व्हिलियर्स स्ट्रीटकडे बाहेर पडून उजवीकडे बागेत शिरले की दरवाजा लगेच दिसतो. भरावामुळे बागेची पातळी वर आली असल्याने तो खोलगटात उभा आहे.