सागरी चक्रं, बाष्पाचा प्रवास आणि अतिवृष्टी (नागपूर परिसर)

समुद्राच्या वरच्या थराचं तापमान काही आठवडे ते काही वर्षं अशा अंतरानं खालीवर होत राहतं, त्यानं वाऱ्यांची दिशा आणि जोर बदलतो, वारे किती बाष्प उचलून कुठं नेतात ते बदलतं आणि शेवटी मोठा पाऊस कुठं कोसळतो तेही. मध्य भारतासाठी महत्त्वाची चक्रं तीन: प्रशांत महासागरातलं एल निनो-ला निना (विषुववृत्ताजवळचं मध्य-पूर्व प्रशांताचं पाणी नेहमीपेक्षा तापलं की एल निनो, थंडावलं की ला निना), हिंदी महासागराचा द्विध्रुव म्हणजे आयओडी (त्याच्या पश्चिम आणि पूर्व भागांच्या तापमानातली तफावत; पश्चिम भाग जास्त उबदार असला की आयओडी ‘धन’), आणि साधारण 30 ते 60 दिवसांत विषुववृत्ताच्या पट्ट्यात पूर्वेकडं सरकत जाणारं ढग-पावसाचं चक्र, मॅडन-ज्युलियन दोलन, म्हणजे एमजेओ. एल निनो आला की मान्सून कमजोर होतो हे नागपूरच्या कोणत्याही चहाटपरीवर ऐकायला मिळतं, ते ढोबळ अर्थानं बरोबरही आहे, पण अतिवृष्टीला तोच नियम लावला की गडबड होते.

या अभ्यासाची सुरुवात भारतातूनच झाली. 1877 च्या आसपासच्या दुष्काळानंतर मान्सूनचा अंदाज आधी सांगता यावा ही सरकारी गरज होती, आणि 1904 ते 1924 हवामान खात्याचे प्रमुख असलेले गिल्बर्ट वॉकर मुळात गणिती, त्यांनी जगभरच्या वायुदाबाच्या नोंदी एकमेकींशी ताडून बघितल्या. 1923-24 च्या सुमारास त्यांनी ‘दक्षिणी दोलन’ मांडलं, म्हणजे प्रशांत आणि हिंदी महासागरांवरच्या वायुदाबाची एकाआड एक खालीवर होणारी झुलणी. समुद्राशी त्याचा धागा नेमका कसा जुळतो हे मात्र 1969 मध्ये हवामानशास्त्रज्ञ याकोब ब्यर्कनेस यांनी दाखवलं, एल निनो आणि हे दोलन एकाच चक्राच्या दोन बाजू आहेत.

नागपूरवर पडणारं पाणी मुळात येतं कुठून, हा वाद जुना आणि अजून पुरता मिटलेला नाही. 1960 च्या दशकात पी. आर. पिशारोटी (पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेचे पहिले संचालक) यांनी अरबी समुद्रावरच्या बाष्पीभवनाला मोठं श्रेय दिलं. नंतर 1970 च्या दशकात साहा आणि बावडेकर यांच्या हिशेबात उलट निघालं, बहुतेक बाष्प विषुववृत्तापलीकडून, दक्षिण हिंदी महासागरातून सोमालियाजवळच्या वेगवान वाऱ्याबरोबर येतं, अरबी समुद्र त्यात भर घालतो एवढंच. त्यात विदर्भात बहुतेक मोठे पाऊस बंगालच्या उपसागरातले कमी दाबाचे पट्टे ओडिशा-छत्तीसगडवरून पश्चिमेकडं सरकतात तेव्हा पडतात, म्हणून कित्येक वर्षं ‘आपला पाऊस बंगालचा’ हीच समजूत पक्की होती. 2017 मध्ये हवामानशास्त्रज्ञ रॉक्सी कोल आणि सहकाऱ्यांनी 1950 ते 2015 च्या नोंदी तपासून सांगितलं की मध्य भारतात दूरवर पसरलेल्या अतिवृष्टीच्या घटना जवळपास तिप्पट झाल्यात, आणि त्यामागं अरबी समुद्रावरच्या पश्चिमी वाऱ्यांचे वाढलेले चढउतार आहेत, वारा मध्येच उसळी घेतो आणि बाष्पाचा लोंढा आत ढकलतो. दोन्ही बाजू एकत्र ठेवल्या तर असं दिसतं की कमी दाबाचा पट्टा पूर्वेकडून येतो पण त्याला लागणारा माल बऱ्याच अंशी पश्चिमेकडून पुरतो, आणि नागपूरसारख्या मधल्या ठिकाणासाठी हेच जास्त पटण्यासारखं वाटतं. हवा 1 अंश तापली की तिची बाष्प धरायची क्षमता सुमारे 7 टक्क्यांनी वाढते, हेही यात धरायला हवं.

आयओडी 1999 मध्ये साजी आणि सहकाऱ्यांनी स्वतंत्र चक्र म्हणून मांडला. तो खरंच स्वतंत्र आहे की एल निनोचीच सावली, यावर मतभेद आहेत. स्वतंत्र मानणाऱ्यांचं पारडं थोडं जड आहे, कारण 1997 मध्ये एल निनो प्रचंड असूनही मान्सून सरासरीच्या जवळपास राहिला आणि त्या वर्षी आयओडी जोरात धन होता. 1994 मध्येही आयओडी धन होता, मान्सून सरासरीच्या वर गेला, आणि त्याच वर्षी जुलैत नागपुरात 24 तासांत 300 मिमीच्या आसपास पाऊस झाल्याची नोंद आहे. एका दिवसाच्या पावसाचं श्रेय थेट आयओडीला देता येत नाही, पण बाष्पाची पार्श्वभूमी अनुकूल होती एवढं म्हणता येईल.

2023 चं उदाहरण नागपूरकरांना जास्त जवळचं. एल निनोचं वर्ष, देशभरात ऑगस्ट 1901 पासूनचा सगळ्यात कोरडा, आणि मग सप्टेंबरमध्ये चित्र पालटलं, आयओडी धन होत गेला, कमी दाबाचे पट्टे परत येऊ लागले. 22-23 सप्टेंबरच्या रात्री शहरात काही तासांतच 100 मिमीच्या वर पाऊस कोसळला, अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदीकाठच्या वस्त्या आणि मोरभवन बसस्थानक पाण्याखाली गेलं, माणसं दगावली. हंगाम तुटीचा असतानाही रात्र अशी निघू शकते, कारण चक्रं संपूर्ण हंगामाचा कल ठरवतात, एकेका रात्रीचा पाऊस ठरतो तो त्या वेळी आलेल्या बाष्पाच्या लोंढ्यावर. शहरात पुढं काय होतं ते नाले आणि तलावाच्या सांडव्यावर, तो विषय वेगळा.

नरखेड तालुक्यातल्या मोवाडला 30 जुलै 1991 ला वर्धा नदीच्या पुरानं दोनशेहून जास्त जीव घेतले, तेव्हाही प्रशांत महासागरात एल निनो बांधला जात होता. ला निनाच्या बाजूचं उदाहरण ऑगस्ट 2020 अखेरचं: पाऊस मुख्यतः मध्य प्रदेशात पडला, पण वैनगंगा फुगली, तिच्यावरच्या गोसीखुर्द धरणाचे दरवाजे उघडावे लागले आणि भंडारा, चंद्रपूर, गडचिरोलीत पूर आला.

अंदाजाच्या बाबतीत, एल निनो काही महिने आधी बऱ्यापैकी कळतो, आयओडी त्याहून कमी आधी, एमजेओ दोनतीन आठवडे. अतिवृष्टी नेमकी कुठल्या भागात होणार ते फक्त दोनचार दिवस आधी समजतं, तेही जिल्ह्याच्या पातळीवर, धरमपेठेत की कामठीत हे तर रडारवर ढग दिसल्यावरच.