झोन ब्लॉकिंग आणि कट ब्लॉक: ॲलेक्स गिब्ज यांच्या नावावर नेमकं काय जमा करायचं?

ॲलेक्स गिब्ज जुलै 2021मध्ये गेले, वयाच्या 80व्या वर्षी. अमेरिकन फुटबॉलमध्ये ज्या पाच खेळाडूंच्या हातात सहसा बॉल येतच नाही, ज्यांचं काम ब्लॉकिंग, म्हणजे समोरच्या बचावपटूंना अंगाने अडवणं, त्या ऑफेन्सिव्ह लाइनचे ते कोच होते. त्यांच्याबद्दलचा वाद मात्र अजून मिटलेला नाही. काहींच्या मते आजच्या एनएफएलमध्ये, म्हणजे या खेळाच्या अमेरिकेतल्या व्यावसायिक लीगमध्ये, बॉल घेऊन धावण्याची जी रीत दिसते, तिचे खरे गुरू तेच. काहींच्या मते त्यांनी लाइनमनना समोरच्याच्या गुडघ्यात घुसायला शिकवलं, आणि हा डाग पुसला जाणार नाही. माझं म्हणणं असं की हे दोन गट एकाच गोष्टीवर भांडत नाहीत. पहिला झोन ब्लॉकिंगबद्दल बोलतो, दुसरा कट ब्लॉकबद्दल. गिब्ज ज्या संघाची लाइन घडवत होते, त्या डेन्व्हर ब्रॉन्कोजच्या वैभवाच्या काळात या दोन गोष्टी एकाच खेळीत दिसायच्या, म्हणून त्या एकच वाटू लागल्या. तशा त्या नाहीत.

आधी झोन. लाइनमध्ये मधोमध सेंटर, त्याच्या दोन्ही बाजूंना गार्ड आणि टोकांना टॅकल असतात. जुन्या पद्धतीत प्रत्येकाला एक माणूस नेमून दिलेला असे: हा तुझा, याला ढकल, इथे भोक पाड. बॉल घेऊन धावणाऱ्या रनिंग बॅकलाही ते भोक आधीच ठाऊक असे. झोनमध्ये माणूस नेमून देत नाहीत, जागा देतात. बॉल स्नॅप झाला, म्हणजे सेंटरने तो मागे देऊन खेळी सुरू केली, की पाचही जण एकाच दिशेला, समजा उजवीकडे, एकाच लयीत पाऊल टाकतात. ज्याच्या समोर कुणी उभा आहे तो त्याला भिडतो. ज्याच्या समोर कुणी नाही तो शेजाऱ्याला खांदा देतो आणि तिथलं काम झालं की पुढे सरकून मागच्या फळीतल्या लाइनबॅकरला गाठतो. कुणी कुणाला कधी सोडायचं, हे त्या क्षणी समोरचा काय करतो यावर ठरतं. कबड्डीत साखळी धरलेल्या दोघांना जसं एकमेकांचं पाऊल न बघता कळावं लागतं, तसंच इथे गार्डला टॅकलचं पाऊल कळावं लागतं.

हे सगळं भोक पाडण्यासाठी नसतंच. डिफेन्सला आडवं ताणायचं, ताणता ताणता त्यात कुठेतरी फट पडते, आणि रनिंग बॅकने ती ओळखायची. तो आधी टॅकलच्या बाहेरच्या अंगाला रोख धरून पळतो. कडेचा बचावपटू आत ओढला गेला तर बाहेरून निघतो, तो बाहेरच टिकून राहिला तर आत वळतो, आणि सगळेच उजवीकडे वाहत गेले तर मागे, डावीकडे उरलेल्या मोकळ्या पट्टीत शिरतो. वळायचं एकदाच. पाय रोवायचा, वळायचं आणि सुटायचं. नाचायला, थबकायला, दुसरा विचार करायला मुभा नाही. या वळण्यालाही इंग्रजीत कटच म्हणतात, आणि नवखा प्रेक्षक इथेच फसतो. रनिंग बॅकचा ‘वन कट’ वेगळा, लाइनमनचा कट ब्लॉक वेगळा. एक स्वतःच्या पायावरचा, दुसरा समोरच्याच्या पायावरचा.

आता कट ब्लॉक. लाइनमन समोरच्याच्या छातीला भिडण्याऐवजी अंग खाली टाकतो आणि खांद्याने त्याच्या मांडीला किंवा गुडघ्याला धडकतो. समोरचा कोसळतो, किंवा पाय वाचवण्यासाठी हात खाली नेऊन थांबतो. दोन्हींत त्याची धाव मोडते. लाइनजवळ, समोरून आणि एकास एक असेल तर हा ब्लॉक नियमात बसत आलेला आहे. याच्याशी आणखी एक नाव गुंतलेलं असतं, चॉप ब्लॉक. त्यात एकाने बचावपटूला वरून धरलेलं असतं आणि दुसरा खालून त्याच्या पायात घुसतो. धावण्याच्या काही खेळींत यालाही मुभा होती. 2016च्या मोसमापासून एनएफएलने चॉप ब्लॉकवर सरसकट बंदी घातली. 2021मध्ये लाइनपासून दूर, मोकळ्या मैदानात कमरेखाली धडकण्यावरही बंधन आलं.

मग झोन आणि कट यांची सांगड बसली कशी? उत्तर खेळीच्या मागच्या बाजूला आहे. पाचही जण उजवीकडे निघाले की डाव्या टोकाचे बचावपटू पाठीमागून पाठलाग करतात. रनिंग बॅक मागच्या फटीत वळतो तो नेमका यांच्या वाटेवर. डाव्या टॅकलला आणि गार्डला त्यांच्या पुढे जाऊन आडवं यावं लागतं, आणि पळत्या, चपळ माणसाच्या पुढे पोचणं दर वेळी जमत नाही. नाही जमलं तर गिब्ज यांचं सांगणं सरळ होतं: त्याला खाली पाड. तो पडला की मागचं दार उघडलं. म्हणजे झोन ही खेळीची आखणी, आणि कट हा तिच्यातला एक अडसर दूर करायचा उपाय. आखणी तीच ठेवून उपाय बदलता येतो, हे विसरलं की वाद भरकटतो.

आखणीचा शोधही गिब्ज यांनी लावला असं म्हणणं बरोबर नाही. 1980च्या दशकात सिनसिनाटी बेंगल्समध्ये जिम मॅकनॅली झोनची तत्त्वं शिकवत होते. लहान अंगाचे, चपळ लाइनमन आणि त्यांचे खालून येणारे ब्लॉक हा सॅन फ्रान्सिस्को 49अर्सच्या बॉब मॅककिट्रिक यांचा जुना बाणा, 1979पासूनचा. माइक शॅनहन 1992 ते 1994 त्या संघात ऑफेन्सिव्ह कोऑर्डिनेटर, म्हणजे आक्रमणाची आखणी करणारे सहायक कोच, होते. 1995मध्ये ते डेन्व्हरचे मुख्य कोच झाले आणि त्यांनी गिब्जना लाइन सोपवली. त्यामुळे कट ब्लॉकचा सगळा भार एकट्या गिब्जच्या डोक्यावर ठेवणं मला अन्यायाचं वाटतं. त्याच न्यायाने झोनचं सगळं श्रेयही त्यांना देता येत नाही.

मग त्यांचं स्वतःचं काय? माझ्या मते, हट्ट. दोनच मुख्य धावा ठेवायच्या, एक रुंद आणि एक आखूड, आणि त्या इतक्या वेळा घोटायच्या की समोर कोणतीही रचना आली तरी पाऊल चुकू नये. इतरांच्या खेळींच्या वह्या जाड होत असताना त्यांची बारीकच राहिली. लाइनमन निवडताना त्यांनी वजनापेक्षा पाय पाहिले. सेंटर टॉम नेलन 1994च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत, सातव्या आणि शेवटच्या फेरीत आला होता. आडवं पळून पुन्हा शेजाऱ्याच्या खांद्याशी वेळेवर पोचायचं, तर लीगला हवे असणारे अवाढव्य देह त्यांना नकोच होते.

25 जानेवारी 1998चा 32वा सुपर बोल, म्हणजे लीगची अंतिम लढत, हा याचा सगळ्यात चांगला धडा. ग्रीन बे पॅकर्सच्या डिफेन्समध्ये मधोमध साडेतीनशे पौंडांच्या घरातला गिल्बर्ट ब्राउन आणि कडेला रेजी व्हाइट. ताकदीला ताकद लावली असती तर डेन्व्हर चिरडलं गेलं असतं. त्यांनी त्या देहांना आडवं पळवलं, खेळीमागून खेळी. डोकेदुखीमुळे टेरेल डेव्हिस दुसऱ्या क्वार्टरचा बहुतेक वेळ बाहेर बसला, तरी 30 धावांत त्याने 157 यार्ड काढले आणि तीनदा बॉल शेवटच्या रेषेपलीकडे नेऊन टचडाउन केलं. ब्रॉन्कोज 31–24 असे जिंकले. पुढच्या मोसमात डेव्हिसने 2,008 यार्ड काढले आणि संघाने पुन्हा सुपर बोल घेतला.

डेव्हिस 1995च्या ड्राफ्टमधला सहाव्या फेरीचा, 196वा खेळाडू. तो जखमी झाल्यावर 1999मध्ये चौथ्या फेरीतल्या ओलँडिस गॅरीने 1,159 यार्ड काढले. 2000मध्ये सहाव्या फेरीतल्या माइक अँडरसनने 1,487. हा माणूस आधी मरीन दलात होता आणि शाळेत फुटबॉल खेळलाच नव्हता. त्यानंतर क्लिंटन पोर्टिस, 1,508 आणि 1,591. धावणारे बदलत गेले, आकडे तसेच राहिले. मग श्रेय लाइनला की धावणाऱ्याला, हा प्रश्न उभा राहणारच.

इथे नावाच्या गोंधळाचीही एक गोष्ट सांगायला हवी. वॉशिंग्टनचे जो गिब्ज वेगळे. ते मुख्य कोच, आणि त्यांची लाइन घडवली जो ब्यूगल यांनी. त्या लाइनला प्रेमाने ‘हॉग्ज’ म्हणत. त्यांची रीत अगदी उलटी: थोराड माणसं, ठरलेलं भोक, आणि मागच्या बाजूचा गार्ड व टॅकल फिरून पुढे येऊन वाट फोडणार. 2004मध्ये पोर्टिस ॲलेक्स गिब्जची लाइन सोडून जो गिब्ज आणि ब्यूगल यांच्याकडे आला. डेन्व्हरमध्ये दोन्ही वर्षं त्याची सरासरी दर धावेमागे साडेपाच यार्डांची होती, ती 3.8वर आली. झोनची बाजू घेणारे हा आकडा नेहमी पुढे करतात. तो मलाही बोलका वाटतो, पण त्यावर सगळं तोलू नये. त्या वर्षी वॉशिंग्टनचा टॅकल जॉन जॅनसन मोसमाआधीच जायबंदी झाला होता, आणि पुढच्याच वर्षी पोर्टिसने तिथे 1,516 यार्ड काढले. चांगला धावपटू दोन्ही रीतींत धावतो. साधा धावपटू झोनमध्ये जास्त दूर जातो, इतकंच मी म्हणेन. पण हे ‘इतकंच’ फार मोठं आहे.

त्याच 2004मध्ये ॲलेक्स गिब्ज अटलांटाला गेले, आणि फाल्कन्स त्या वर्षी आणि पुढची दोन वर्षं धावण्यात लीगमध्ये पहिले आले. त्यात क्वार्टरबॅक, म्हणजे पास टाकणारा खेळाडू, मायकल व्हिक याच्या पायांचा वाटा मोठा होता. 2006मध्ये हजार यार्ड धावणारा तो पहिला क्वार्टरबॅक ठरला.

आता डागाबद्दल. मी तो झाकणार नाही. 2004च्या ऑक्टोबरमध्ये डेन्व्हरचा टॅकल जॉर्ज फॉस्टर याने सिनसिनाटीच्या टोनी विल्यम्सला खालून धडक दिली आणि विल्यम्सचा घोटा मोडला. गिब्ज तेव्हा डेन्व्हरमध्ये नव्हते, पण लाइन त्यांच्या शिकवणीतली होती, आणि टीकेचा रोख त्यांच्याकडे वळला तर त्यात नवल नाही. नियमात बसत होतं, हे उत्तर मला अपुरं वाटतं. डिफेन्सिव्ह लाइनमनचं करिअर मुळात छोटं असतं, त्याची भाकरी त्याच्या गुडघ्यांवर असते, आणि समोरचा आपल्या पायात येणार ही भीती मनात ठेवून त्याला साठ मिनिटं खेळावं लागतं. ही भीती डेन्व्हरच्या फायद्याची होती. पायाकडे बघणारा माणूस हात उंच ठेवत नाही, आणि मग त्याला सरळ ब्लॉक करणंही सोपं होतं. गिब्ज यांच्या चाहत्यांनी हा हिशेब मान्य करायला हवा.

पण उलट बाजूने असं म्हटलं जातं की कट काढून घेतला तर झोन चालणारच नाही, आणि म्हणून सगळा वारसाच डागाळलेला. हे मात्र पुढच्या काळाने खोटं ठरवलं. सरावात आपल्याच सहकाऱ्याच्या गुडघ्यात घुसता येत नाही, लीग आणि खेळाडू संघटनेच्या 2011च्या करारानंतर अंगावर पॅड चढवून करायचे सराव आणखी कमी झाले, नियमही कडक होत गेले. कट ब्लॉक पार नाहीसा झाला नाही, पण मागच्या बाजूचा अडसर दूर करायला इतर उपाय पुढे आले. स्नॅपच्या वेळी एखादा रिसीव्हर, म्हणजे पास झेलणारा खेळाडू, आडवा पळवायचा, म्हणजे मागचा बचावपटू क्षणभर त्याच्याकडे बघतो. लाइन उजवीकडे, क्वार्टरबॅक बॉल लपवून डावीकडे: डेन्व्हरच्या जॉन एल्वेपासून चालत आलेली ही बूटलेग. तिच्या धास्तीने मागचा माणूस पाठलागाला निघतच नाही. त्याला पाडण्याऐवजी शंकेत अडकवायचं. पावलं मात्र तीच, वन कटही तोच.

2008 आणि 2009 ही दोन वर्षं गिब्ज ह्यूस्टन टेक्सन्समध्ये होते. मुख्य कोच गॅरी कुबियाक त्यांचे डेन्व्हरचे जुने सहकारी. तिथे माइक शॅनहन यांचा मुलगा काइल ऑफेन्सिव्ह कोऑर्डिनेटर होता, लाइनवर जॉन बेंटन होते, आणि मॅट लफ्लूर नावाचा तरुण सहायक होता. गिब्ज गेल्यावर पहिल्याच मोसमात, 2010मध्ये, ड्राफ्टमध्ये कुणीच न घेतलेला एरियन फॉस्टर तिथे 1,616 यार्ड धावून लीगमध्ये पहिला आला.

आणि जानेवारी 2020, एनएफसीची, म्हणजे लीगच्या दोन गटांपैकी एकाची, अंतिम लढत. एका बाजूला 49अर्स, मुख्य कोच काइल शॅनहन, लाइनवर बेंटन. दुसऱ्या बाजूला पॅकर्स, मुख्य कोच लफ्लूर. 49अर्सच्या क्वार्टरबॅकने अख्ख्या सामन्यात फक्त आठ पास टाकले. रहीम मोस्टर्टने, यालाही ड्राफ्टमध्ये कुणी घेतलेलं नव्हतं, 29 धावांत 220 यार्ड काढले आणि चार टचडाउन केले. 49अर्स 37–20 जिंकले. त्या सामन्याची चित्रफीत मिळाली तर मोस्टर्टकडे बघू नका. स्नॅप झाल्यावर पहिली दोन पावलं पाचही लाइनमनच्या पायांकडे बघा, आणि मग 32व्या सुपर बोलची कोणतीही एक धाव लावून तेच पाय पुन्हा बघा.