शून्य नैसर्गिक संख्या आहे की नाही, हा वाद आला कुठून

ग्वाल्हेरच्या किल्ल्यावर चढताना वाटेत चतुर्भुज मंदिर लागतं, तिथला इ.स. ८७६चा शिलालेख आपण घरी आलेल्या पाहुण्यांना हौसेने दाखवतो. फुलबाग २७० हात लांब, देवाला रोज ५० माळा, आणि दोन्हीकडे शून्य म्हणजे आजच्यासारखाच छोटा गोल. पण तिथे ते फक्त स्थान दाखवतं, आणि शून्याला संख्या धरून बेरीज-वजाबाकीचे नियम तर ६२८ मध्येच राजस्थानातल्या भीनमाळला लिहून झाले होते. नैसर्गिक संख्यांत त्याला घ्यायचं का, हे भांडण पार एकोणिसाव्या शतकातलं.

१८८८ मध्ये एका जर्मन गणितज्ञाने मोजणीचा पाया १ पासून रचला, १८८९ मध्ये इटलीत तुरिनच्या प्राध्यापकाने नियम मांडले तेही १ पासूनच, आणि मग दहा-एक वर्षांत याच माणसाने आपलीच मांडणी मोडून सुरुवात ० वर आणली. ही नुसती लिहिण्याची सोय असं बरेच जण म्हणतात, मला अजिबात पटत नाही. १ पासून निघालात तर बेरजेची पहिली पायरी 'अ + १ म्हणजे अच्या पुढची संख्या' अशी घ्यावी लागते, ० पासून निघालात तर सरळ 'अ + ० = अ', गुणाकारालाही 'अ × ० = ०', सगळं एका सुतात येतं. शिवाय ज्या संचात काहीच नाही त्यात घटक किती, याचं उत्तर मोजायच्या संख्यांतच नसेल तर त्या मोजायच्या संख्या कसल्या? १९२३ मध्ये तर ० म्हणजेच रिकामा संच, १ म्हणजे ज्यात फक्त ० आहे तो संच, २ म्हणजे ० आणि १चा संच, अशी अख्खी रांग उभी केली गेली. फ्रान्समधल्या बूर्बाकी नावाच्या गणितज्ञांच्या गटानेही ० आतच ठेवलं, तिथल्या शाळांत आज तेच शिकवतात.

मूळ अवयवांवर काम करणाऱ्यांना मात्र १ बरा पडतो, ०चे मूळ अवयव पडतच नाहीत ना.

आपल्या शाळेत नैसर्गिक १ पासून, ० घातलं की पूर्ण संख्या, ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या कोचिंगची मुलं हेच घोकून बारावी काढतात आणि मग इंजिनिअरिंगला डिस्क्रीट मॅथ्सच्या पुस्तकात ० पासून सुरू झालेला एन, म्हणजे नैसर्गिक संख्यांचा संच, बघून गडबडतात. २००९च्या आंतरराष्ट्रीय मानकात एनमध्ये ० धरलेलंच आहे, ज्याला नको असेल त्याने एनच्या डोक्यावर तारा काढायचा.