रेडिओवरचा ‘स’ का फाटतो?

एफएमवर निवेदकाचा ‘स’ आणि ‘श’ कानाला टोचू लागला की आधी माइकवर संशय जातो, मग ऐकणाऱ्याच्या रेडिओवर. माइक बदलतात, तरी ‘स’ फाटतोच. अशा वेळी स्टुडिओ आणि ट्रान्समीटर यांच्यामध्ये बसलेला ऑडिओ प्रोसेसर आधी तपासावा.

प्रोसेसर आवाजाची पातळी सारखी करतो, त्याचे वारंवारतेनुसार चार-पाच पट्टे पाडून प्रत्येक पट्टा कॉम्प्रेसरने वेगळा दाबतो आणि शेवटी क्लिपरने शिखरे छाटतो. एफएममध्ये आवाज जितका मोठा तितकी वाहक लहरीची, म्हणजे आवाज वाहून नेणाऱ्या रेडिओ लहरीची, वारंवारता मूळ जागेपासून जास्त सरकते. ती ७५ किलोहर्ट्झपेक्षा जास्त सरकू द्यायची नसते, म्हणून ही छाटणी.

खरी मेख आहे प्री-एम्फसिसमध्ये. एफएमच्या ग्रहणात सुरसुर वरच्या वारंवारतांना जास्त असते. म्हणून पाठवतानाच वरच्या वारंवारता वाढवायच्या आणि रेडिओने त्या तेवढ्याच खाली आणायच्या. त्यांच्याबरोबर सुरसुरही खाली येते. भारतात आणि युरोपात यासाठी ५० मायक्रोसेकंदांचा कालांक (वाढ कुठून आणि किती हे ठरवणारा आकडा) वापरतात, अमेरिकेत ७५. ५० मायक्रोसेकंदांना वाढ ३१८३ हर्ट्झला ३ डेसिबल होते, १० किलोहर्ट्झला सुमारे १०.४ आणि १५ किलोहर्ट्झला १३.७, म्हणजे व्होल्टेज जवळजवळ पाचपट.

‘आ’ची बरीचशी ऊर्जा १-२ किलोहर्ट्झच्या खाली असते, ‘स’ची मात्र साधारण ५ किलोहर्ट्झच्या वर. त्यामुळे तोंडातून हलका निघालेला ‘स’ क्लिपरपाशी पोचेपर्यंत दांडगा होतो आणि छाटला जातो. मराठीत तर ‘चाक’मधला च ‘चहा’तल्या चपेक्षा ‘स’च्या जवळचा आहे, म्हणून तोही आधी फाटतो. चाचणीसाठी ‘ससा’ आणि ‘चाक’ हे शब्द मला फार उपयोगी वाटतात.

सगळ्यात वाईट प्रकार म्हणजे प्री-एम्फसिस दोनदा लागणे: एकदा प्रोसेसरमध्ये, पुन्हा ट्रान्समीटरच्या एक्सायटरमध्ये, म्हणजे वाहक लहरीवर आवाज चढवणाऱ्या भागात. रेडिओ ते एकदाच उतरवतो, म्हणून १० किलोहर्ट्झ दहा डेसिबल जास्तच राहतो. शिवाय ही दुसरी वाढ क्लिपरच्या नंतर होते, म्हणजे छाटलेली शिखरे पुन्हा वर येऊन ७५ किलोहर्ट्झची मर्यादा ओलांडतात. प्रोसेसरचा एमपीएक्स सिग्नल (दोन्ही वाहिन्या एकत्र केलेला तयार स्टीरिओ सिग्नल) थेट एक्सायटरला दिलेला असेल तर सहसा ही चूक होत नाही. डावी-उजवी वाहिनी वेगळी दिलेली असेल तर मात्र प्री-एम्फसिस दोघांपैकी एकातच चालू आहे ना, हे बघावे.

तपासणी सोपी आहे. प्रक्षेपण बंद असण्याच्या वेळेत प्रोसेसर टेस्ट मोडमध्ये टाकावा, म्हणजे कॉम्प्रेसर आणि क्लिपर बाजूला होतात, प्री-एम्फसिस मात्र आहे तसेच ठेवावे. पूर्ण मॉड्युलेशनच्या, म्हणजे ७५ किलोहर्ट्झच्या मर्यादेच्या, २६ डेसिबल खाली ४०० हर्ट्झचा टोन द्यावा, मग त्याच पातळीवर १० किलोहर्ट्झचा. (दुहेरी वाढ सुमारे २१ डेसिबलची होते, २६ खाली राहिलो तर तीही मर्यादेत मावते.) मॉड्युलेशन मॉनिटरवर (प्रक्षेपण मोजणाऱ्या यंत्रावर) डी-एम्फसिस, म्हणजे रेडिओ करतो ती उतरवणी, लावून दोन्ही वाचने जवळपास सारखी यायला हवीत. १० किलोहर्ट्झ दहा डेसिबल वर दिसला तर प्री-एम्फसिस दोनदा लागले आहे, दहा खाली दिसला तर कुठेच लागलेले नाही.

वाचने सारखी आली आणि तरी ‘स’ फाटत असेल तर क्लिपरचा ड्राइव्ह, म्हणजे त्यात जाणारी पातळी, एक-दोन डेसिबल कमी करावा. इथे हमखास विरोध होतो, कारण आवाज मोठा ठेवला की स्टेशन लांबवर पोचते असा समज आहे. तो चुकीचा आहे. पल्ला ठरतो तो ट्रान्समीटरची शक्ती, अँटेनाची उंची आणि मधला भूभाग यांवर. मोठा आवाज फक्त मोठा ऐकू येतो, आणि काही वेळाने कान थकवतो.

गाण्यांत पाण्यासारखी झुळझुळ येत असेल तर मूळ फाइल बघावी. एमपी३ आपली खोट मोठ्या आवाजांच्या आड लपवते. प्रोसेसर दबलेले पट्टे उचलतो आणि लपलेली खोट उघडी पडते. १२८ केबीपीएसची फाइल वेव्हमध्ये बदलून उपयोग नाही, गेलेले परत येत नाही. सीडीवरून वेव्ह किंवा फ्लॅकमध्ये पुन्हा घ्यावी.

आणि स्टीरिओवर सगळे ठीक, पण मोनो रेडिओवर गायकाचा आवाजच गायब होत असेल तर प्रोसेसरला हात लावू नये. बहुधा एखाद्या एक्सएलआर (तीन पिनांच्या) ऑडिओ केबलच्या २ आणि ३ नंबरच्या पिना उलट जोडल्या गेलेल्या असतात. त्यामुळे एक वाहिनी उलटी होते, आणि मोनोत दोन्ही एकत्र आल्या की दोन्हींत सारखा असलेला आवाज कटतो.